पायाळू पोर आणि धनाचे यंत्र



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून विहारातून घरी आलो तर ओट्यावर भाची बसलेली. शेजारी तिची आठ वर्षांची मुलगी, मांडीवर शाळेचे दप्तर घेऊन. आमचे धामणगाव बढे मोताळा तालुक्यातले. डोंगराकडच्या खेड्यांतली माणसे काही ना काही कामाने इकडे येतच असतात. पण रविवारी, तेही दप्तर घेऊन? मी विचारायच्या आत तिच्या डोळ्यांतून पाणी आले.

"मामा, तुमचे जावई धनाच्या नादी लागले. बाहेरून चौघं आले हायेत, यंत्र घेऊन. भुईतलं सोनं दाखवते म्हणे. यायनं त्याइले पंधरा हजार देले. माही पोत गहाण ठेवली. आता थे लोक म्हणते, यंत्रानं जागा दाखवली, पण धन हाती लागाले पायाळू पोर पाह्यजे. आपली पोरगी पायाळू हाय हे त्याइले कोनं सांगतलं, मामा?"

"काय करणार पोरीचं?"

"अमुशाच्या राती फक्त बसवाची हाय म्हणे. काही करत नाही म्हणे."

वाचकहो, या "काही करत नाही म्हणे" ने माझ्या पोटात गोळा आला. मी तिला एवढेच म्हणालो, "माय, पोरगी आजपासून माझ्या घरी. अमावस्या होऊन जाऊ दे. जावईबापूंना इथेच बोलाव." दप्तर सोबत आणण्याइतके शहाणपण तिने केले होतेच.

आधी पायाळूपणाचे सांगतो, कारण आपल्या शिकलेल्या घरांतही या शब्दाला लोक बिचकतात. जन्मताना डोक्याऐवजी पायाकडून आलेले मूल म्हणजे पायाळू. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत तीन-चार मुले पायाकडून किंवा बसल्यासारखी येतात. जुळे असले, पोटातले पाणी कमी-जास्त झाले, गर्भाशयाचा आकार वेगळा असला, दिवस भरायच्या आत कळा आल्या, तर असे होते. पुष्कळदा काही कारणही सापडत नाही. असे बाळंतपण अवघड असते. पूर्वी घरी सुईणीच्या हातून होताना किती आया आणि किती बाळे गेली असतील, त्याची मोजदाद नाही. त्यातून जे मूल वाचले त्याच्याभोवती लोकांनी कथा रचल्या. कुणी म्हणे पायाळूवर वीज पडते. कुणी म्हणे त्याचा पाय पाठीला लावला की उसण उतरते. आणि कुणी म्हणे, त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की भुईतले हंडे दिसतात. आमच्या भाचीच्या मुलीला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून गेल्या वर्षी चष्मा लागला. जिला फळ्यावरची अक्षरे दिसत नव्हती तिला म्हणे जमिनीखालचे सोने दिसणार!

संध्याकाळी जावईबापू आले. माणूस वाईट नाही. बटाईने तीन एकर करतो, कपाशीने दोन वर्षे दगा दिला, वर सोसायटीचे आणि सावकाराचे मिळून कर्ज. निर्व्यसनी आहे, भीमजयंतीला वर्गणी गोळा करण्यात पुढे असतो. मी त्याच्यावर ओरडलो नाही. चहा झाल्यावर त्यानेच मोबाइल काढून मला दाखवले. इंग्लंडातला समुद्रकिनारा. एक साहेब कानाला यंत्र लावून, हातातल्या काठीच्या टोकाची चकती वाळूवरून फिरवतो आहे. टिंग वाजते, तो छोट्या फावड्याने वाळू उकरतो, सोन्याची अंगठी निघते. पुढे नाणी, पुढे आणखी अंगठी. "मामा, हे खोटं हाय काय?"

हे खोटे नाही, असे मी सांगितले. पण अर्धेच आहे.

हे यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. त्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असला की त्यातही विजेचे लहान लहान भोवरे उठतात, आणि त्यांचा परिणाम दुसरे वेटोळे टिपते. मग वाजते. यात मंत्र नाही, नवस नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगात घुसलेली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनी असेच यंत्र लावले होते. ते जमले नाही. खाटेच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ केला असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलंडच्या अधिकाऱ्याने जमिनीतले सुरुंग शोधणारे यंत्र केले, आणि १९४२ मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात त्याने पुष्कळ सैनिकांचे पाय वाचवले. यंत्र चांगलेच आहे. विमानतळावर, मोठ्या सभेच्या दारात पोलीस अंगावरून फिरवतात तेही त्याच घरातले.

पण त्याची धाव किती? नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत. हंड्याएवढी मोठी असली तर मीटर-दीड मीटर. त्याखालचे त्याला कळत नाही. आणि हे सोने, हे पितळ, असे ते खात्रीने सांगत नाही. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि पातळ सोन्याची अंगठी यांना ते जवळजवळ सारखेच वाजते. शिवाय समुद्राची वाळू वेगळी आणि आपली जमीन वेगळी. आपल्या खाली दख्खनचा काळा पाषाण. त्यात लोहखनिजाचा अंश असतो, त्यामुळे यंत्र नुसत्या दगडालाही फसून वाजते. साहेबाच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी हजारो लोक पोहायला येतात, त्यांच्या अंगठ्या-नाणी वाळूत पडतात, म्हणून त्याला सापडतात. आणि मोबाइलमधला साहेब त्या दिवशी मिळालेली बाटल्यांची शंभर बुचे काही दाखवत नाही.

"थे म्हणते पंधरा फुटावर हाय," जावई हळूच म्हणाले.

मी विचारले, यंत्र दिसते कसे? तेव्हा कळले की यंत्रे दोन. एक वाजणारे. दुसरी एक पेटी, तिला पुढे दोन तारा. माणूस ती हातात धरून चालतो, सोने आले की तारा आपोआप एकमेकींकडे वळतात. खोलीचा आकडा त्या पेटीने सांगितला होता. आता हे दुसरे काही यंत्रच नव्हे. सैल धरलेली तार मनगट केसभर वाकले तरी वळते, हे कुणीही घरी दोन सायकलच्या तारा वाकवून करून पाहावे. मुलांना करून दाखवावे, त्यांना गंमत वाटेल. वाजणाऱ्या खऱ्या यंत्राने विश्वास बसवायचा आणि तारांच्या पेटीने खिसा कापायचा, अशी ही जोडी आहे.

"वाजलं तिथं काय निघालं?" मी विचारले.

जावई ओशाळले. एक मोडका फाळ, बैलाचा नाल, डालड्याच्या डब्याचे झाकण आणि एक काळा पडलेला ढब्बू पैसा.

वाचकहो, या धंद्याची रीत ठरलेली आहे आणि ती आपल्या घराघरांत माहीत असायला हवी. आधी यंत्राचे भाडे. मग जागा "लागली" म्हणून पूजेचे पैसे. मग धनावर नाग आहे, त्याला बोकड. बोकडाने भागत नाही, मग पायाळू. प्रत्येक पायरीला घरातले काहीतरी जाते, आणि आधीचे गेलेले परत मिळेल या आशेने माणूस पुढची पायरी चढतो. दुसरी एक रीत याच्याच पोटातली: "खोदकामात मोहरांचा हंडा सापडला, सोनाराकडे नेला तर पोलीस धरतील, म्हणून तुला निम्म्या भावात देतो." दाखवायला दिलेली पहिली मोहर खरी असते. बाकी पितळ. मालकाने पोलिसांत जावे तर त्यालाच चोरीचे सोने घेत होता असे म्हणायची सोय, म्हणून फसलेला गप्प बसतो.

शेवटच्या पायरीवर काय असते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक बायका आणि लहान मुलींचे खून पडले. मुंबई पोलिसांचे रमाकांत कुलकर्णी तपासाला गेले, तेव्हा बाहेर आले की गुप्तधन मिळावे आणि मूल व्हावे या वेडापायी हे बळी घेतले गेले. मेलेल्या कोण होत्या? गोवऱ्या-पाण्याला, शेतात बाहेर पडणाऱ्या गरिबाघरच्या लेकीबाळी. वाड्यातल्या पायाळूला कुणी मागायला जात नाही. मागतात ते कर्जात बुडालेल्याच्या झोपडीतल्या पोरीला, आणि तेही बापाच्या तोंडून.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो त्यांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाल्यावर आधी वटहुकूम म्हणून आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा म्हणून आला. लोक त्याला जादूटोणाविरोधी कायदा म्हणतात. गुप्तधन किंवा पाण्याचा साठा शोधण्यासाठी अघोरी कृत्य करणे, नरबळी देणे, एवढेच नव्हे तर तसा सल्ला देणे किंवा चिथावणी देणे हाही त्यात गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षे, आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि बिनजामिनाचा. म्हणजे बळी जाईपर्यंत थांबायची गरज नाही. "पोरगी बसवा" असे कुणी म्हटले तेवढ्यावरही ठाण्यात जाता येते. हे मी जावयाला शांतपणे वाचून दाखवले. "मामा, मी पोरीले काही होऊ देलं असतं काय?" असे तो म्हणाला. मी म्हणालो, तुम्ही नसते होऊ दिले. पण अमावस्येच्या रात्री, शेतात, ते चौघे आणि तुम्ही एकटे.

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने सरळ प्रश्न टाकला, आणि मला तो आवडला. "बरं मामा, मंत्र-बिंत्र सोडा. खरंच नांगरताना हंडा लागला तर?"

तर कायदा आहे, १८७८ सालचा, इंग्रजांनी केलेला आणि अजून चालू असलेला. सरकारी मराठीत त्याला निखात निधीचा कायदा म्हणतात; निखात निधी म्हणजे पुरलेला ठेवा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही जमिनीत सापडले तर सापडवणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. माल सरकारी तिजोरीत ठेवायचा किंवा तो हजर करण्याची हमी द्यायची. कलेक्टर जाहीर सूचना काढतो आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो. पुरणाऱ्याचा वारस शंभर वर्षांच्या आतला पुरावा घेऊन आला तर प्रकरण दिवाणी कोर्टात. कुणीच मालक नाही असे ठरले, तर सापडवणाऱ्याला तीन भाग आणि जमीनमालकाला एक भाग. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. आणि लपवले तर? वाटा गेला, शिवाय वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

जावई म्हणजे हिशेबी माणूस. "म्हंजे रुपयातले बाराणे आपले, चाराणे मालकाचे?" हो. पण मालकाला विचारल्याशिवाय त्याच्या बांधात रात्री खड्डा मारला, तर तो कोणता वाटा? तुम्ही बटाईदार. तो खड्डा त्यांनी मालकाला न विचारता मारला होता. मालकाला कळले तर पुढच्या वर्षी तीन एकरही जायचे.

इंग्लंडातही असेच आहे, हे व्हिडिओत सांगत नाहीत. तिथला १९९६ चा कायदा म्हणतो, ठेवा सापडला की १४ दिवसांत कळवा. २००९ साली स्टॅफर्डशायर परगण्यातल्या एका शेतात यंत्रवाल्या माणसाला सोन्या-चांदीच्या साडेतीन हजारांवर जुन्या वस्तू लागल्या. त्याने कळवले. किंमत ठरली ३२ लाख ८५ हजार पौंड. ती त्याला आणि शेताच्या मालकाला मिळाली आणि वस्तू संग्रहालयात गेल्या. आणि किनाऱ्यावर सापडलेली कालची अंगठी हा ठेवा नव्हेच. ती हरवलेली वस्तू आहे, ती जिची हरवली तिची. आपल्याकडेही तसेच. जुहूच्या वाळूत मंगळसूत्र सापडले आणि खिशात घातले तर ते परधन झाले. आपण रोज म्हणतो ते दुसरे शील, न दिलेले घेणार नाही, ते काय फक्त वंदनेपुरते?

मग मी त्याला विचारले, जावईबापू, हा हंडा पुरला कुणी असेल? वऱ्हाडात पेंढाऱ्यांच्या धाडी येत, बँका नव्हत्या, तेव्हा ज्याच्याजवळ होते त्याने पुरले. म्हणजे देशमुखाने, सावकाराने. आपल्या पणज्याजवळ काय होते? येसकराची घुंगरकाठी. ती काही पुरावी लागली नाही. हे ऐकून तो हसला, आणि त्याच्या हसण्याने घरातला ताण उतरला. आतून भाचीने ताट वाढल्याची हाक दिली.

परंतु वाचकहो, हे मी गमतीने बोललो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाच ते पटेना. आपल्या लोकांचे भुईत काहीच नाही, हे खरे नाही. आपले पुष्कळ आहे. फक्त ते हंड्याच्या भाषेतले नाही.

नालासोपाऱ्याचे उदाहरण घ्या. मुंबईजवळचे जुने शूर्पारक बंदर. तिथे एक टेकाड होते, त्याला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. टोपल्या विणणाऱ्या बुरडाचा राजा आणि त्याचा कोट! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. तो बौद्ध स्तूप निघाला. मधोमध विटांच्या कोठीत दगडी करंडा, त्यात बुद्धांच्या आठ काशाच्या मूर्ती भोवती मांडलेल्या, मध्ये तांब्याची डबी. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. सोन्याची फुले होती, खडे होते, यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. आणि त्या सोन्याच्या डबीत काय होते? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. भगवानलालांचे मत असे पडले की ते तथागतांच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणी श्रद्धेने जपलेले तुकडे असावेत. आज हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

यंत्रवाल्या चौघांना हा करंडा लागला असता तर? तांबे वाजले असते, चांदी वाजली असती, सोने वाजले असते. मातीचे तुकडे वाजले नसते. ते त्यांनी शेतात झटकून टाकले असते आणि डब्या वितळवल्या असत्या. ज्या तुकड्यांसाठी पाच डब्या घडवल्या तेच फेकले गेले असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंध्रात अमरावतीच्या स्तूपाचे असेच झाले. तिथल्या जमीनदाराच्या माणसांनी विटा-दगडांसाठी आणि धनाच्या आशेने महाचैत्य उकरला, आणि कोरीव शिळा घरांच्या-पायऱ्यांच्या कामी गेल्या. उरल्यासुरल्या शिळा आता मद्रासच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत विभागून पडल्या आहेत.

इतके लांब कशाला, आपल्या वऱ्हाडातच या. मंगरूळपीर तालुक्यातले तऱ्हाळा, तेव्हा अकोला जिल्ह्यात, आता वाशीममध्ये. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. सोने नाही, चांदी नाही, तांबे-शिसे-कथिलाची मिसळ. मोडीत घातली तर त्या काळी एक गायही आली नसती. पण म. म. वा. वि. मिराशींनी ती एकेक करून वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी राजांची नावे निघाली, जी पुराणांच्या याद्यांत नव्हतीच. पुराणांनी गाळलेले राजे नाण्यांनी परत दिले! ज्या सातवाहनांच्या काळात भाजे, कार्ले, नाशिकची लेणी उभी राहिली, आणि आपल्या शेजारच्या अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी खोदली गेली, त्यांचा वंश कळायला हे काळे तुकडे कामाला आले. तसाच नाशिकजवळच्या जोगळटेंभीचा साठा. १९०६ साली सापडला, तेरा हजारांवर चांदीची नाणी, नहपान क्षत्रपाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. कोणी कोणाला जिंकले याचा याहून पक्का पुरावा कोणता? ती नाणी वितळवून चांदीची वीट केली असती तर वीट मुकी असती.

आणि सापडलेले विकले गेले की काय होते, ते आपण २०२५ साली पाहिले. उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे १८९८ मध्ये पेपे नावाच्या गोऱ्या जमीनदाराने आपल्या जमिनीतला स्तूप खणला. अस्थी आणि अठराशेच्या आसपास रत्ने-मणी-सोन्याची पाने निघाली. १८७८ चाच कायदा लावून सरकारने ती घेतली. अस्थी सयामच्या राजाला भेट दिल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेवली, आणि काही वाटा त्या साहेबाकडे राहिला. सव्वाशे वर्षांनी, मे २०२५ मध्ये, तोच वाटा हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात निघाला. तथागतांच्या अस्थींसोबत ठेवलेली रत्ने, आणि बोली लावा! जगभरातून बौद्धांनी आवाज उठवला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये गोदरेज समूहाच्या मदतीने ती रत्ने भारतात आली. आली हे चांगले. पण आपली वस्तू आपल्या दारी यायला कुणा धनिकाचा हात लागला, हेही विसरू नये. हा कायदा शेतकऱ्याला वर्षभराच्या कैदेची धमकी देतो आणि त्याच कायद्याखाली साहेबाच्या घरी वाटा राहतो, हे माझ्या मनाला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू चहाला बसले तेव्हा हे सगळे त्यांना सांगितले. सोपाऱ्याची गोष्ट त्यांच्या मुलीने जास्त लक्ष देऊन ऐकली. "मंग मातीचे तुकडे सोन्यात काहून ठेवले?" असे तिने विचारले. मी म्हणालो, ज्यांनी ठेवले त्यांना त्यांची किंमत सोन्याहून जास्त वाटली. ती म्हणाली, "मंग आपणही पांढरीतली खापरं ठेवाची काय?" आमच्याकडे गावाची जुनी वस्ती असते त्या पांढऱ्या मातीत पावसाळ्यात खापरे उघडी पडतात, मुले ती ठिक्कर खेळायला घेतात. मी म्हणालो, ठेव की, कुठे सापडले ते कागदावर लिहून ठेव. आणि खोदू नको. पावसाने उघडे पाडले तेवढेच उचल.

खुद्दकपाठात निधिकण्ड सुत्त आहे, ज्यांच्या विहारात पाठ होतो त्यांना माहीत असेल. त्यात माणूस खोल खड्ड्यात, पाण्याच्या ओलीपर्यंत धन पुरतो. का? राजाचा दंड भरायला, चोराला चुकवायला, कर्ज फेडायला, दुष्काळात उपयोगी पडायला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या यादीत कर्ज आणि दुष्काळ आहेतच! पण सुत्त पुढे सांगते की ते धन जागचे सरकते, खूण विसरते, नावडते वारस चोरून उकरून नेतात. दानाचा, शीलाचा, संयमाचा निधी तेवढा माणसाबरोबर राहतो. मी जावयाला हे सांगितले तेव्हा त्याने बरोबर खोट काढली. "मामा, शीलानं सोसायटीचं कर्ज फिटत नाही." नाही फिटत, मी कबूल केले. त्यासाठी वेगळे बसावे लागेल. पण पंधरा हजार देऊन ते वाढवू तरी नये.

त्या चौघांविरुद्ध अर्ज दिला. जावयाने स्वतः दिला, त्याच्या सहीने, मी फक्त सोबत गेलो. भाचीने त्यात एक वाक्य घालायला लावले: "माझ्या मुलीला मागितले." अर्ज दिल्याचे कळताच ते गावातून निघून गेले, यंत्रासकट. पैसे परत मिळालेले नाहीत आणि मिळतील असे मला वाटत नाही. बांधातला खड्डा जावयाने बुजवला आणि मालकाला जाऊन आपणच सांगितले. मालक दोन शब्द बोलला, पण जमीन काढून घेतली नाही.

अमावस्या आमच्याकडेच गेली. पोरीने त्या रात्री पाढे म्हटले, सोळापर्यंत, सतराला अडली. ढब्बू पैसा तिला दिला होता. तो तिने चिंचेने घासून लख्ख करायला घेतला तेव्हा मी अडवले, कारण घासल्याने अक्षरे जातात. तो आता एका काडेपेटीत आहे, वर तिच्या हाताने लिहिलेले: शेत, बांध, तारीख.

भाचीची पोत अजून गहाण आहे. महिन्याला तीन टक्के व्याज चालू आहे. बचत गटातून कर्ज काढून ती आधी सोडवायची, की कपाशीच्या पहिल्या वेचणीपर्यंत थांबायचे, याचा हिशेब येत्या रविवारी वंदनेनंतर दोघांनी येऊन माझ्याकडे करायचा, असे ठरले आहे. सोसायटीचे पासबुकही आणायला सांगितले आहे.